तक्त्यातला एकटा तारा

१

याप तौकेने तो आकडा भर कॉफीच्या दुकानात उच्चारला, तोही समोरच्या टेबलावर बसलेल्या लाऊ तौकेला ऐकू जाईल अशा आवाजात.

"आठ हजार दोनशे साठ टन! लाऊ, तुझ्या डोंगरानं गेल्या वर्षी एवढाच दगड दिला. आणि सिंगापूरच्या हॉटेलवाल्यांना तू दहा हजार टनांचं वचन देऊन बसलास? डोंगराला काय पान्हा फुटणार आहे?"

सगळं दुकान हसलं. लाऊच्या हातातली बशी कलंडली आणि कॉफी त्याच्या सदऱ्यावर सांडली.

इपोहमध्ये ज्याचं स्वतःचं एखादं दुकान आहे त्यालाही लोक तौके म्हणतात. या दोघा मालकांचे तर डोंगर होते. दोघांचा धंदा संगमरवराचा आणि वैर वाडवडिलांपासूनचं. पण आजची गोष्ट नेहमीच्या टोमण्यांतली नव्हती. आपल्या खाणीतून वर्षाकाठी किती दगड निघाला हे लाऊ फक्त एकाच ठिकाणी सांगत असे: राज्याच्या खनिज गणना कचेरीला, मोहोर लावलेल्या पाकिटातून. कचेरी ते कुणाला दाखवणार नाही असा कायदा होता. पाकिटं लोखंडी कपाटात राहत आणि कपाटाची किल्ली कचेरीप्रमुख फूंग वाई-चेऊंग यांच्या कमरेला.

हॉटेलचं काम लाऊच्या हातून गेलं आणि यापला मिळालं. लाऊने तक्रार केली. बाकीच्या खाणमालकांनीही हात आखडले: कचेरीत चोर असेल तर आम्ही आकडे का भरावेत? फूंग साहेबांना घरी बसवण्यात आलं. चौकशीत त्यांनी एवढंच सांगितलं, "सही माझी आहे. जबाबदारी माझी." त्यापुढे एक शब्द नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

त्यांची मुलगी सुक-यिन गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. बाहीवर सुतकाची काळी चिंधी टाचून ती परत आलेली पुस्तकं लावत होती, तेव्हा चौकशी अधिकारी झहारी साहेब टोपी हातात घेऊन तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

"मिस फूंग, शुक्रवारी मी अहवाल देतोय. म्हटलं, तुम्हाला आधी तोंडी सांगावं. पेपरात वाचण्यापेक्षा बरं."

"अहवालात काय आहे?"

झहारींनी टोपीची कड चाचपली. "कपाट फोडलेलं नाही. किल्ली एकच. याप तौके सांगत सुटलाय की त्याचा माणूस कचेरीत आहे. आणि तुमच्या बाबांनी तर स्वतःच..."

"त्यांनी जबाबदारी घेतली. विकल्याचं कुठं म्हणाले?"

"नाकारलंही नाही, मिस फूंग." त्यांचा आवाज मऊ झाला. "माणूस नाकारत नाही तेव्हा आम्ही काय लिहायचं?"

यिनने हातातलं पुस्तक जागेवर सरकवलं. "शुक्रवारपर्यंत मी चार लोकांना भेटले तर चालेल?"

"मी बघितलं नाही असं समजा," झहारी म्हणाले. जाता जाता दारात थांबले. "पण एक सांगतो. जे सापडेल ते तुम्हाला आवडेलच असं नाही."

२

लाऊ तौकेच्या खाणीत डोंगराची एक बाजू केक कापावा तशी सरळ उतरली होती. तारेची करवत चालू होती, पांढरं पाणी वाहत होतं. लाऊ पत्र्याच्या छपराखाली बसला होता. यिनला पाहून तो उठला नाही, पण तिच्या बाहीवरची चिंधी दिसल्यावर त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"बस. तुझ्या बापावर माझा राग होता, तुझ्यावर नाही. आणि मेलेल्यावर कसला राग धरायचा? चहा घेशील?"

"घेईन. काका, याप तौके नेमकं काय म्हणाले होते?"

"आठ हजार दोनशे साठ! कानात शिसं ओतल्यासारखं वाटलं. वीस वर्षं मी त्या कचेरीवर विश्वास ठेवला. माझ्या बायकोलासुद्धा मी आकडा सांगत नाही. सांगितला तर ती गाडी मागेल."

"आणि तुम्ही फॉर्मवर काय लिहिलं होतं?"

लाऊने डोळे बारीक केले.

"आकडा तुमचा आहे, काका. झहारी साहेबांना तो सांगता येत नाही, कायदा आड येतो. तुम्हाला सांगता येतो."

"आता लपवून काय उरलंय? आठ हजार दोनशे."

"बरोबर आठ हजार दोनशे?"

"अगदी. मी टनाचीसुद्धा चोरी करत नाही."

"मग वरचे साठ कुठले?"

"अगं, यापच्या तोंडात गेलं की सगळंच फुगतं! झहारीलाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, ऐकण्यात थोडं इकडंतिकडं झालं असेल."

"याप तौके आकड्यांच्या बाबतीत इकडंतिकडं करतात?"

लाऊने चहाचा पेला बाजूला सरकवला. वैऱ्याविषयी खरं बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं. "नाही," तो शेवटी म्हणाला. "त्या हलकटाला पन्नास वर्षांपूर्वीची उधारी सेंटापर्यंत आठवते."

"या जिल्ह्यात कापीव दगड काढणारं आणखी कुणी आहे?"

"कापीव दगड? यापचा डोंगर दुसऱ्या जिल्ह्यात. या जिल्ह्यात कापीव दगड म्हणजे मी." पलीकडून, डोंगराच्या पाठीमागून छिन्नीचा बारीक टणटणाट येत होता. लाऊने त्या दिशेने हात झटकला. "तो मुरुगय्या बसतो ठोकत. त्याला काय खाण म्हणायची?"

३

रोकिया आंटीने दार उघडलं आणि यिनचे दोन्ही हात धरले. कचेरीत फूंग साहेबांच्या शेजारच्या टेबलावर तिने सगळी नोकरी काढली होती. नवरा लवकर गेला, तीन मुलं मोठी केली. आता निवृत्तिवेतन हाकेच्या अंतरावर होतं.

"अंत्ययात्रेला आले नाही," ती म्हणाली. "साहेबांनी म्हणजे नव्या साहेबांनी सांगितलं, चौकशी चालू आहे, कुणी जायचं नाही. मी ऐकलं. का ऐकलं कुणास ठाऊक."

"असू दे, आंटी. किल्लीबद्दल विचारायचं होतं."

"किल्ली त्यांचीच. फक्त त्यांच्या चिनी नवीन वर्षाच्या सुटीत माझ्याकडे असायची, आणि माझ्या ईदला माझं काम ते करायचे. हे आमचं पहिल्यापासूनचं. ईदच्या दिवशी त्यांच्यासाठी डबा जायचा, नवीन वर्षाला त्यांची संत्री यायची. नेहमी दोन. एकदा घाईत मी एकच उचललं तर ओरडलेच माझ्यावर, 'रोकिया, एकटं संत्रं कुणाच्या हातात देत नसतात. जोडीनंच द्यायचं, जोडीनंच घ्यायचं.'"

यिनला हसू आलं. घरीही ते असंच म्हणत.

"यंदा त्या सुटीत काही वेगळं झालं होतं?"

"वेगळं काही नाही. कचेरीचं आकडेवारीचं पुस्तक निघतं ना, वार्षिकी, त्याची छापील प्रुफं आली होती, ती मी तपासून परत धाडली. हां, एक छान गोष्ट झाली!" आंटीचा चेहरा उजळला. "उलू सेराईची मक सोम ठाऊक आहे? म्हातारी कबरींचे दगड घडवते. त्या जिल्ह्यात तिची एकच खाण, म्हणून तक्त्यात तिच्या जिल्ह्यापुढे दरवर्षी तारा."

"तारा म्हणजे?"

"आकडा झाकायची खूण. जिथं एकच मोठी खाण असते तिथं जिल्ह्याचा आकडा छापला की त्या मालकाचं गुपित फुटतं, म्हणून तिथं तारा. लाऊ तौकेच्या जिल्ह्यापुढेही असतो. तर मक सोम दरवर्षी भांडायला यायची. 'आमच्या उलू सेराईत काय दगड नाहीत? नातू शाळेतून विचारत येतो, आजी, आपल्या नावापुढे काहीच कसं नाही?' यंदा सुटीत आली आणि म्हणाली, माझा आकडा आहे, मीच म्हणते छापा. तसं लिहून अंगठा दिलान. कायद्यानं चालतं ते. मी तारा काढला आणि आकडा घातला. इतकी खूश झाली म्हातारी! बांबूत शिजवलेल्या भाताच्या, लेमांगच्या, दोन नळ्या घेऊन आली."

"बाबांना सांगितलंत?"

"म्हटलं छापून आल्यावर दाखवू, मज्जा. परत आले ते घाईत, ढीगभर कागद साचलेले. सही करून टाकली. आणि पुस्तक आलं, दाखवू दाखवू म्हणेपर्यंत..." ती थांबली. "त्यांना घरी बसवलं होतं. राहूनच गेलं बघ."

निघताना यिनने विचारलं, "आंटी, तुम्हाला काय वाटतं? बाबांनी आकडा विकला?"

"छे!" आंटी म्हणाली. मग फाटकाची कडी काढून दिली. "पण मग दुसरं कोण? किल्ली तर आम्हां दोघांकडेच होती."

४

याप तौके नेहमीच्या टेबलावर नेहमीच्या कॉफीसमोर बसला होता. रस्त्यावर दोन स्कूटर एकमेकींना घासल्या होत्या. तो मान लांब करून त्यांच्या नंबरपाट्या वाचत होता आणि सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेत होता.

"चार आकडी सोडतीला लावणार," त्याने वर न बघता सांगितलं. "आकडे हवेत तरंगत असतात, पोरी. पकडणारा पाहिजे. तू फूंगची ना? त्याच्या दहनाच्या पावतीचा नंबर काय ग..." बाहीवरची चिंधी आता कुठे त्याला दिसली आणि जीभ अडकली. "ते राहू दे. दहन नाही ना, पुरलंय म्हणे. बस, बस. कॉफी?"

"तुमचा माणूस कचेरीत आहे म्हणता. कोण तो?"

"नाव कसं सांगू?" याप खुर्चीत ऐसपैस झाला. "मोठा विश्वासू. वर्षातून एकदा भेटतो. दरसाल तीन रिंगिट घेतो."

"तीन रिंगिट? खाणीच्या गुपिताचे?"

"स्वस्तातला आहे." तो हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही.

"तीन रिंगिटसाठी माझे बाबा तुम्हाला कपाट उघडून देतील?"

"मी तुझ्या बापाचं नाव घेतलं? एकदा तरी घेतलं?"

"नाकारलंतही नाही." झहारींचं वाक्य आपल्या तोंडून आलेलं ऐकून तिला नवल वाटलं.

याप तौकेने सिगरेटचं पाकीट उलटं पालटं केलं. "लाऊ महिनाभर झोपला नाही, ठाऊक आहे? त्याच्या खाणीतले, कचेरीतले, सगळे त्याला माझे हेर वाटतात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो मला घाबरला. आता सगळ्यांसमोर सांगू, की... जा तू. कॉफीचे पैसे मी देतो."

ती उठली. आकडा चुकीचा होता आणि तरीही सेंटासेंटाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने तो छातीठोकपणे सांगितला होता, हे तिच्या डोक्यातून जाईना. मग ते साठ टन आले कुठून? तिला छिन्नीचा टणटणाट आठवला.

५

मुरुगय्या म्हातारा फणसाच्या सावलीत बसून पाट्याला टाकी लावत होता. शेजारी त्याचे दोन जावई देवळाच्या पायऱ्यांचा काळा दगड घडवत होते. लाऊचा डोंगर पुढून पांढरा. मागच्या अंगाला मात्र हा कठीण काळा दगड निघे आणि इपोहच्या निम्म्या तमिळ स्वयंपाकघरांतले पाटे-वरवंटे त्यातलेच.

"फूंग साहेबांची मुलगी?" त्याने छिन्नी खाली ठेवली आणि पंच्याने हात पुसले. "ये अम्मा. साहेब दरवर्षी इथंच बसायचे, या दगडावर. कचेरीचा माणूस पाठवला असता तर चाललं असतं, पण नाही, स्वतः चढून यायचे."

"कशाला यायचे, अंकल?"

"मोजायला! मी म्हणायचो, साहेब, एवढंसं काय लिहिता, पुढं लाऊ तौकेचा डोंगर आहे, त्यात माझा खडा. तर म्हणायचे, 'मुरुगय्या, डोंगरातून निघालं ते मोजायचं. मोठ्याचं धरायचं आणि लहानाचं सोडायचं, तर मग मोजायचं कशाला?'" तो हसला. "जावई चेष्टा करतात. म्हणतात, मामा, सरकारात तुमचं वजन आहे."

"गेल्या वर्षी किती लिहिलं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? देवळाच्या पायऱ्यांचं काम होतं ना, चांगलं वर्ष गेलं." त्याने अभिमानाने जावयांकडे पाहिलं. "साठ टन."

६

वाचनालय बंद व्हायला अजून वेळ होता. दुपारच्या उन्हात वाचनकक्षात दोन पेन्शनर वर्तमानपत्र धरून पेंगत होते. यिन सरकारी प्रकाशनांच्या फडताळापाशी गेली. खाण आणि दगडखाण वार्षिकी, किंमत तीन रिंगिट. यंदाच्या प्रतीवर तिनेच शिक्का मारला होता.

ती प्रत हातात घेतल्यावर तिला जूनमधली एक दुपार आठवली. घरी बसवल्यानंतर बाबा एकदा इथे आले होते. याच फडताळापुढे उभे राहून त्यांनी एक पुस्तक काढलं, एकच पान पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चल यिन, जेवायला जाऊ." त्या दिवशी ते फार बोलले नाहीत, पण माशाचा चांगला तुकडा तिच्या वाटीत सरकवला. ते गेल्यावर तिला वार्षिकी फडताळात उलटी घातलेली दिसली. बाबांनी आयुष्यात पुस्तक उलटं ठेवलं नव्हतं. तिने ते सुलट केलं होतं आणि विसरून गेली होती.

तिने कापीव दगडाचा तक्ता उघडला. एकाखाली एक जिल्हे, समोर टन, तळाशी राज्याची बेरीज. लाऊच्या जिल्ह्यापुढे तारा. उलू सेराईपुढे मक सोमचा लहानसा, ठसठशीत आकडा. बाकी सगळीकडे आकडे.

तिने मागच्या वर्षीची प्रत काढली. दोन तारे. त्याच्या आधीची काढली. दोन तारे. बाबांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही वर्षात तारा एकटा नव्हता.

तिने पेन्सिल घेतली. राज्याच्या बेरजेतून छापलेले सगळे जिल्हे एकेक करून वजा केले. एक वही, एक पेन्सिल आणि शाळेत शिकलेली वजाबाकी. दुसरं काही लागलं नाही. खाली जे उरलं ते तिने दोनदा तपासून पाहिलं.

आठ हजार दोनशे साठ.

तिने पेन्सिल खाली ठेवली. बाबांना कळलं होतं. जूनमध्येच कळलं होतं. आणि कुणी तारा काढला असेल हेही त्यांना विचारावं लागलं नसेल. सुटीत किल्ली आणि काम कुणाकडे असतं हे त्यांनीच ठरवलं होतं. सही माझी आहे, जबाबदारी माझी. तो कबुलीजबाब नव्हता. ते एका बाईवर धरलेलं छत्र होतं.

आता ते मिटायचं का? बाबांचं नाव धुवायचं तर रोकिया आंटीचं पुढे करावं लागणार होतं. यिनने पुस्तकं उचलली. यावेळी सुलटीच ठेवली, पण एक प्रत पिशवीत घातली. झहारींकडे जाण्याआधी तिला दुसरीकडे जायचं होतं.

७

शुक्रवारी सकाळी वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती झहारी साहेब, लाऊ आणि याप बसले होते. रोकिया आंटी खिडकीपाशी उभी होती. बस म्हटलं तरी ती बसली नव्हती.

"चोर सापडला म्हणता?" झहारींनी विचारलं.

"चोर नाहीच, साहेब. चोरीच झाली नाही," यिन म्हणाली. "लाऊ काका, फॉर्मवर तुमचा आकडा कोणता?"

"आठ हजार दोनशे. शंभरदा सांगितलं."

"आणि याप तौकेंनी सांगितला त्यात साठ जास्त. कपाटातला फॉर्म ज्यानं पाहिला त्याला आठ हजार दोनशेच दिसले असते. साठ टन तुमचे नाहीत, मुरुगय्या अंकलचे आहेत. दोन्ही मिळून जिल्ह्याची बेरीज होते. याप तौकेंकडे होता तो आकडा तुमचा नव्हता, जिल्ह्याचा होता."

"मुरुगय्याचे?" लाऊ ओरडला. "त्याचे पाटे माझ्या संगमरवरात धरतात?"

झहारींनी हात वर केला. "थांबा. जिल्ह्याची बेरीज कचेरीतल्या माणसालाही ठाऊक असते. त्यानंही विकली असेल."

"ज्याला बेरीज ठाऊक, त्याला मुरुगय्याही ठाऊक. तो लाऊ काकांचं गुपित विकायला बसला असता तर साठ वजा करून खरा आकडा दिला असता. मुरुगय्याला जो खिजगणतीत धरत नाही त्याचीच ही चूक होते. या दोघा तौकेंना वाटतं, या जिल्ह्यात कापीव दगड म्हणजे फक्त लाऊ." तिने वार्षिकी उघडून मध्ये ठेवली. "तक्त्यात एकच तारा असला की तो काही झाकत नाही. बेरजेतून बाकीचे वजा करा, ताऱ्याखालचा आकडा बाहेर येतो. म्हणून बाबा नेहमी दोन तारे ठेवत. मग एवढंच कळतं की दोघांचे मिळून किती. कुणाचे किती ते कळत नाही. यंदा एकच राहिला."

झहारी तक्त्यावर वाकले. मग यिन म्हणाली, "याप तौके, या पुस्तकाची किंमत वाचता?"

यापने वाचली नाही. त्याची नजर तिच्या बाहीवर होती.

"तीन रिंगिट," तो म्हणाला. "दरवर्षी घेतो मी. सोडतीसाठी. सरकारी आकडे ताजे असतात, कुणी हात लावलेला नसतो. यंदा तारा एकटाच दिसला, म्हटलं बघू तरी. उत्तर आलं तेव्हा मीच चाट पडलो." तो लाऊकडे वळला. "माणूसबिणूस कुणी नाही माझा. तुझं तोंड बघून बोललो. नंतर मागं घेता येईना."

"मागं घेता येईना?" लाऊ उभा राहिला. "एक माणूस मेला, डुकरा!"

"ठाऊक आहे," याप म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज दुकानात ऐकू जाणार नाही इतका खाली आला. "साहेब, लिहून घ्या. कुठं सही करू?"

"पण दुसरा तारा गेला कुठं?" झहारींनी विचारलं. "कुणी काढला?"

उत्तर खिडकीकडून आलं.

"मी काढला. प्रुफं मी तपासली." रोकिया आंटी टेबलाजवळ आली. "काल हिनं घरी येऊन दाखवलं तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मक सोमनं परवानगी दिली तिच्या आकड्याची. तिचा तारा दुसऱ्याचंही झाकत होता हे मी विसरले. ही म्हणाली, आंटी, तुम्ही म्हणाल तसं करू. मी म्हटलं, मीच सांगते. तुम्ही जी शिक्षा..."

"चुकीच्या प्रुफाला ठपका असतो, पुआन रोकिया. शिक्षा कपाटातल्या कागदांच्या गळतीला, आणि ती झालेली नाही," झहारी म्हणाले. त्यांनी आपला तयार अहवाल घडी करून खिशात घातला. "हा मला पुन्हा लिहावा लागणार. लवकर लिहायला हवा."

आंटीने यिनकडे पाहिलं. "साहेबांना कळलं होतं?"

"हो," यिन म्हणाली. "जूनमध्ये. इथंच उभे होते."

"आणि?"

"पुस्तक परत ठेवलं. मला जेवायला घेऊन गेले."

आंटीने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं आणि यावेळी खुर्चीत बसली.

लाऊने टेबलावरून वार्षिकी स्वतःकडे ओढली, तक्त्यावरून बोट फिरवलं. "पुढच्या वर्षी दोन तारे येणार असतील तर माझा फॉर्म येईल. बाकीच्यांनाही सांगतो. पण ती म्हातारी? तिचा आकडा परत झाकणार?"

"नाही," आंटीने नाक पुसलं. आवाजात कचेरी परत आली होती. "तिचा राहील. दुसरा तारा वेगळ्या जिल्ह्याला देता येतो. याप तौकेंच्या देते. तिथं खाणी पुष्कळ, त्यांनाही वजाबाकी जमणार नाही."

"मला?" याप दचकला. "लोकांना वाटेल मी दगडच काढत नाही!"

लाऊ तौके कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसला.

८

कबरींच्या साफसफाईचा सण जवळ आला तसा लाऊचा निरोप आला: साहेबांच्या थडग्यासाठी डोंगरातली सगळ्यात शुभ्र शिळा काढून ठेवली आहे, दाम विचारायचं नाही. यिनने त्याचे मनापासून आभार मानले आणि शिळा घेतली नाही. ती डोंगराच्या मागच्या बाजूला गेली.

मुरुगय्याने काळा दगड स्वतः निवडला. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. यिनने कागदावर काढून दिली तशी त्याने एकेक रेघ खोदली. ती न्यायला आली त्या दिवशी रोकिया आंटीही चढून आली होती. धापा टाकत ती त्या बसायच्या दगडावर टेकली. या वर्षीच्या मोजणीला तिने कुणाला पाठवलं नव्हतं. तिच्या पिशवीत दोन संत्री होती. ती जोडी कबरीवर ठेवायची होती. यिनच्या बाहीवरची चिंधी आता निघाली होती, तिथे टाचणीची दोन बारीक भोकं तेवढी उरली होती.

"हं, अंकल, सांगा. यंदा किती?" आंटीने वही उघडून विचारलं.

मुरुगय्याने पाटे सांगितले, वरवंटे सांगितले, एका दुकानाचा उंबरा सांगितला. मग फणसाला टेकवलेल्या थडग्याच्या शिळेकडे पाहून घुटमळला.

"हा पण धरायचा का? याचे पैसे मी घेतले नाहीत. विक्री नाही ती."

आंटीने यिनकडे पाहिलं.

"डोंगरातून निघालाय ना, अंकल?" यिन म्हणाली. "मग धरा."

मुरुगय्याने दगडावर तळहात ठेवून अदमास घेतला आणि वजन सांगितलं. रोकिया आंटीने ते लिहून घेतलं.